तांबडी शाई आणि जुने शब्द

इंग्रजी शिकविण्याचा व्यवसाय पत्करल्याला आम्हांस आता तीस वर्षे होत आली. एवढ्या अवधीत या विषयासंबंधी जी नाना मते आमच्या कानांवर आली, त्यांपैकी एक मत अलीकडे सुशिक्षित मंडळींत फारच बळावलेले दिसते. ते असे की, इंग्रजी शब्दांचे जुने अर्थ विद्यार्थ्यांस सांगत बसणे म्हणजे त्यांच्या वेळेचा अपव्यय करणे होय. मुलांना नोकरी हवी. नोकरीला आजचे इंग्रजी लागते. तेव्हा दोनशे वर्षांपूर्वी अमक्या शब्दाचा अर्थ काय होता याची उठाठेव ज्यांना पोटाची चिंता नाही अशा पंडितांनी करावी, असे ही मंडळी म्हणतात. आईबापांना हे मत पटते, कारण त्यात मुलाच्या पोटापाण्याची काळजी दिसते. शिक्षकांना पटते, कारण त्यात शिक्षकांचे श्रम वाचतात. ज्या मताने सर्वांचीच सोय होते ते मत एकदा तपासून घ्यावे, असा आमचा अनुभव आहे.

हे मत आम्हीही पुष्कळ वर्षे बाळगले होते, आणि त्यापायी एका विद्यार्थ्यावर आमच्या हातून अन्याय झाला, हे आरंभीच कबूल केलेले बरे. तुर्भे-वाशीचे जे कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार सारी नवी मुंबई एपीएमसी मार्केट या नावाने ओळखते, तेथून आमचे महाविद्यालय फारसे दूर नाही. त्या आवारात माथाडीचे काम करणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात होता. कुटुंब मूळचे साताऱ्याकडच्या डोंगरातले. 'माझे कुटुंब' या विषयावरील इंग्रजी निबंधात त्याने लिहिले की, आपले वडील ट्रकमधील पोती 'गोडाऊन'मध्ये नेऊन टाकतात, आणि आजोबांना गावी बऱ्या साली दोन 'कँडी' भात होत असे. आम्ही तांबड्या शाईने 'गोडाऊन' खोडून वर 'वेअरहाउस' लिहिले आणि 'हा शब्द इंग्रजी नव्हे' असा शेरा मारला. 'कँडी'खाली दोन रेघा ओढून पुढे उद्गारचिन्ह काढले. एवढ्यावर न थांबता ते वाक्य वर्गात वाचून दाखविले. भाताच्या शेतात गोळ्या-चॉकलेटे पिकलेली पाहून वर्ग पोट धरून हसला, आम्हीही हसलो.

तास संपल्यावर मुलगा आमच्याकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, बाबांच्या पावतीवर गोडाऊन असंच छापलेलं असतं. आणि खंडीला इंग्रजीत दुसरं काय म्हणायचं?" पावती म्हणजे काही कोश नव्हे, असे तुटक उत्तर देऊन आम्ही त्याला वाटेस लावले. परंतु त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि ते सलत राहिले. त्या रात्री आम्ही यूल आणि बर्नेल या दोघा पंडितांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेला 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश कपाटातून काढला. हिंदुस्थानात वावरलेल्या इंग्रजांच्या तोंडी रुळलेल्या शब्दांचा हा संग्रह. मोहरमच्या मिरवणुकीतील 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचा गोऱ्या शिपायांनी जो अपभ्रंश केला, तोच त्याचे नाव झाला. त्यात 'गोडाऊन' होता आणि 'कँडी'ही होता. मुलाचे दोन्ही शब्द इंग्रजी होते, आणि आमची तांबडी शाई अडाणी ठरली होती.

'गोडाऊन' हा शब्द इंग्रजीत काल-परवा घुसलेला नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तो इंग्रजी लेखनात आढळतो. मलायी भाषेतील 'गुदंग' हा त्याचा जवळचा पूर्वज, आणि त्याच्याही मागे तमिळ-तेलुगूतील शब्द असावा असे कोशकार मानतात. म्हणजे शेक्सपिअर नाटके लिहीत होता तेव्हा या शब्दाने इंग्रजीत पाऊल टाकलेले होते. 'कँडी'ची गोष्ट तर याहून मौजेची आहे. वीस मणांच्या मापाला आपण खंडी म्हणतो. मुंबई इलाख्यातील इंग्रज व्यापाऱ्यांनी तोच शब्द उचलला आणि आपल्या हिशेबाच्या वह्यांत 'कँडी' असा लिहिला. आजही भारतातील कापसाच्या गाठींचा भाव इंग्रजीत 'कँडी'मागे, म्हणजे सुमारे ३५६ किलोंमागे, सांगितला जातो. मुलांच्या खाऊतली 'कँडी' हा दुसरा शब्द. परंतु तोही संस्कृत 'खंड', म्हणजे साखरेचा खडा, यापासून फारसी-अरबीच्या वाटेने युरोपात गेला. म्हणजे ज्या शब्दावरून आम्ही त्या पोराला हसलो, त्याचे दोन्ही अर्थ इंग्रजांना आपल्याकडूनच मिळालेले. 'मण' या आपल्या शब्दाचेही इंग्रजांनी 'माँड' केले. त्याच्या शेवटी जो आगंतुक 'ड' येऊन बसला तो टोपली या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दाच्या साम्यामुळे आला असावा, असा तर्क आहे.

यानंतर आम्ही ते आवार पुन्हा एकदा, या वेळी कान उघडे ठेवून, हिंडलो. मुंबई शहरात दाटीवाटीने वसलेले घाऊक बाजार खाडीपलीकडे नेण्याचे काम कांदा-बटाट्यापासून १९८१ च्या सुमारास सुरू झाले, आणि १९९६ मध्ये फळे व भाजीपाल्याचे बाजारही इकडे आले. कांदा-बटाटा, भाजी, फळे, मसाला आणि धान्य असे पाच बाजार आज येथे नांदतात. त्यांपैकी धान्याच्या बाजाराला लोक अजून 'दाणाबंदर' म्हणतात. तेथे ना गलबत आहे ना धक्का. जुन्या मुंबईच्या किनाऱ्यावर ज्या बंदरात दाणा उतरत असे त्याचे नाव व्यापाऱ्यांनी आपल्या पोत्यांबरोबर येथे आणले. हार्बर मार्गावरील 'कॉटन ग्रीन' या स्थानकाचेही असेच आहे. वाशीहून बोरीबंदराकडे जाणारे आमचे हजारो वाचक ते नाव रोज ऐकतात. तेथील 'ग्रीन' म्हणजे हिरवा रंग नव्हे, तर गवताळ मोकळे मैदान, हा जुना अर्थ कितीजणांच्या ध्यानात येतो? मुंबईच्या कोटातील अशाच मैदानावर एके काळी कापसाच्या गाठी रचल्या जात, आणि बाजार हलला तसे ते नावही हलले.

आमचे विरोधक म्हणतील, ही सारी करमणूक झाली. यावाचून कोणाचे काय अडते? याचे उत्तर 'फॅक्टर' या एका शब्दाने देता येईल. शाळेत या शब्दाचा अर्थ 'घटक' किंवा गणितातील 'अवयव' असा शिकवितात. मग इतिहासाच्या तासाला, इंग्रजांनी सुरतेस १६१३ साली 'फॅक्टरी' स्थापिली, हे वाक्य आले की मुलांच्या डोळ्यांपुढे धुराडी उभी राहतात. पदवीच्या उत्तरपत्रिकांत 'सुरतेचा कारखाना' आम्ही किती वेळा वाचला याची गणती नाही. जुन्या इंग्रजीत 'फॅक्टर' म्हणजे धन्याचा माल आपल्या ताब्यात ठेवून, त्याच्या वतीने विकून, आपली अडत कापून घेणारा माणूस; असे लोक जेथे राहत ती 'फॅक्टरी'. आपल्या पूर्वजांनी तिला अचूक 'वखार' म्हटले. १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटून जे इंग्रज कैद केले, ते या जातीचे व्यापारी होते, गिरणीमालक नव्हते.

आणि हा अर्थ केवळ बखरींच्या उपयोगाचा आहे असेही नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही अमलात आहे. त्याच्या १७१ व्या कलमात, दुसऱ्याचा माल आपल्या येणे रकमेपोटी अडकवून ठेवण्याचा हक्क कोणाकोणास आहे हे सांगताना, 'बँकर' यांच्यामागोमाग 'फॅक्टर' हा शब्द येतो, आणि त्याच्या शेजारी 'वॉर्फिंजर', म्हणजे मालधक्क्याचा चालक, उभा आहे. ज्या वकिलाला 'घटक' एवढाच अर्थ ठाऊक त्याने हे कलम कसे वाचावे? उलट वाशीच्या बाजारातील चौथी शिकलेला हमालही सांगेल की अडत्या निराळा आणि दलाल निराळा. अडत्याच्या गाळ्यात शेतकऱ्याचा माल उतरतो, तो विकून अडत्या पट्टी करतो. दलालाच्या हाती माल नसतोच, तो दोघांची गाठ घालून देतो. इंग्रजी कायद्यात 'फॅक्टर' आणि 'ब्रोकर' यांत हाच भेद केलेला आहे. आम्ही इंग्रजी शिकलेले लोक मात्र या दोघांना 'मिडलमन' म्हणून एकाच दोरीला बांधतो आणि मग शेतमालाच्या प्रश्नावर जोरजोराने मते देतो. 'दलाल' हा शब्द आपण शिवीसारखा वापरू लागलो याचेही पुष्कळांना भूषण वाटते. शेक्सपिअरच्या काळी 'ब्रोकर' या शब्दाला कुंटणाचा अर्थ चिकटला होता; तो कलंक पुढे धुतला गेला आणि आज त्या नावाची पाटी लावून लोक काचेच्या कचेऱ्यांत बसतात. आमच्या दलालाचे ते भाग्य अजून उजाडलेले नाही.

'कॉर्न' या शब्दाचा आमच्या मुलांना माहीत असलेला अर्थ म्हणजे मका. इंग्लंडात १८१५ पासून १८४६ पर्यंत जे 'कॉर्न' कायदे होते त्यांवरून केवढे रण माजले. परंतु ते मक्याविषयी होते अशी समजूत करून घेतलेल्याला त्यातले काय कळणार? 'कॉर्न' म्हणजे मुळात दाणा, कोणतेही धान्य. ज्या मुलखात जे धान्य मुख्य, त्याच्यावर तो शब्द जाऊन बसला: इंग्लंडात गव्हावर, स्कॉटलंडात ओटवर, अमेरिकेत मक्यावर. हे आपल्या गृहिणींना समजावून सांगावे लागणार नाही. कारण घरात त्यांनी 'दाण्याचे कूट' म्हटले की ते भुईमुगाचेच असते, आणि घोड्याला 'दाणा' घातला की तो हरभरा असतो. जी गोष्ट मुलगा आईच्या स्वयंपाकघरात जाणतो ती त्याला इंग्रजीच्या वर्गात परकी वाटावी, हा दोष मुलाचा नव्हे.

मसाल्याच्या बाजारात मिऱ्यांच्या पोत्यांपुढे उभे राहून आम्हांस 'ग्रोसर' या शब्दाची आठवण झाली. आज कोपऱ्यावरच्या वाण्याला आपण तो लावतो. मूळचा ग्रोसर म्हणजे 'ग्रॉस'मध्ये, म्हणजे ठोक, माल घेणारा-विकणारा. लंडनच्या मिरीवाल्यांचा संघ ११८० पासून ज्ञात आहे. त्याच परंपरेतून १३४५ साली उभ्या राहिलेल्या मंडळाला पुढे ग्रोसरांची कंपनी हे नाव मिळाले. तेव्हा खरे ग्रोसर पाहावयाचे तर ते वाशीच्या मसाला बाजारात आहेत.

याच 'ग्रॉस'पासून 'एन्ग्रॉस' हा शब्द झाला, आणि येथे आमच्या म्हणण्याचा गाभा येतो. आजचा विद्यार्थी 'एन्ग्रॉस' म्हणजे तल्लीन होणे, 'फोरस्टॉल' म्हणजे आधीच अडविणे किंवा टाळणे, एवढे पाठ करतो. 'रिग्रेट'शी उच्चारात सारखा असा जो 'रिग्रेट करणे', म्हणजे घेतलेला माल त्याच बाजारात पुन्हा विकणे, हा तिसरा शब्द होता त्याचे तर नावही त्याने ऐकलेले नसते. परंतु कित्येक शतके इंग्लंडात ही तीन गुन्ह्यांची नावे होती. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत १५५२ साली झालेल्या कायद्याने त्यांच्या व्याख्या केल्या. बाजाराकडे येणारा माल वाटेतच गाठून विकत घेणारा तो 'फोरस्टॉलर'. या शब्दाचा मूळ अर्थ वाटेत दबा धरणे असा आहे. बाजारात माल घेऊन त्याच बाजारात, अथवा चार मैलांच्या आतल्या दुसऱ्या बाजारात, तो पुन्हा विकणारा तो 'रिग्रेटर'. आणि पुन्हा विकण्याच्या हेतूने शेतातले उभे पीक किंवा धान्याचा साठा घाऊक ताब्यात घेणारा तो 'एन्ग्रॉसर'. आंब्याचा मोहोर पाहून बागेचा सौदा करणारे आमच्या कोकणात आहेत. त्यांना या तिसऱ्या शब्दाचा अर्थ लगेच कळेल.

हे कायदे योग्य होते असे आम्ही म्हणत नाही. ॲडम स्मिथने आपल्या १७७६ च्या ग्रंथात या गुन्ह्यांविषयी लोकांना वाटणाऱ्या भीतीची तुलना चेटकिणींच्या भीतीशी केली आहे, आणि १५५२ चा कायदा त्यापूर्वीच, १७७२ मध्ये, रद्द झाला होता. तरीही न्यायालये जुन्या रूढीवर बोट ठेवून शिक्षा सुनावीत राहिली. १८४४ मध्ये हे गुन्हे पूर्णपणे पुसले गेले. शिक्षा गेली तसा शब्दांतला बाजारही गेला, आणि केवळ 'टाळणे' आणि 'तल्लीन होणे' उरले.

आता आपल्याकडे पाहा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जकातीच्या प्रकरणी, माल जेथे पिकतो तेथेच विकण्यास मनाई आहे. तेथे हेतू मुख्यतः राजाच्या शुल्काचा होता. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला; महाराष्ट्रात १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा झाला; ठरलेल्या आवारात, उघड्यावर, वजन-भाव सर्वांदेखत व्हावेत, रुमालाखाली बोटे दाबून होऊ नयेत, हे अशा कायद्यांमागचे धोरण. पुढे जुलै २०१६ मध्ये आपल्या राज्याने फळे व भाजीपाला या नियमनातून मोकळा केला. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने आवाराबाहेर खरेदी-विक्रीची मुभा देणारा कायदा केला, आणि मोठ्या आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये तो मागे घेतला. त्या सव्वा वर्षात आमच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांतून या विषयावर जे वाद झाले ते आम्ही ऐकले आहेत, काहींत भागही घेतला आहे. एका पक्षाला आवार म्हणजे दलालांचा तुरुंग वाटे, दुसऱ्याला आवाराबाहेरचा व्यापारी म्हणजे दरोडेखोर वाटे. वाटेत गाठून माल घेणे हा गुन्हा की स्वातंत्र्य, हा प्रश्न इंग्रजी भाषेने तीनशे वर्षे उलटसुलट चघळला, त्यात एका बाजूला भुकेल्या गावांची भीती आणि दुसऱ्या बाजूला ॲडम स्मिथची तर्कशुद्धता होती, आणि त्याची सगळी कागदपत्रे त्या तीन शब्दांत बांधून ठेवलेली आहेत, हे आम्हां इंग्रजीच्या पदवीधरांपैकी एकानेही सांगितले नाही. आम्ही तरी कोठे सांगितले? आम्ही 'फोरस्टॉल'चा अर्थ वर्गात 'टाळणे' असा देत होतो.

आमच्यावर एक आक्षेप येईल तो आधीच ओळखून त्याला उत्तर देतो. भाषा बदलते, आजचा अर्थ तोच खरा अर्थ, असे कोणी म्हणेल. हे आम्हांस मान्य आहे. 'नाइस' या शब्दाचा अर्थ पूर्वी मूर्ख असा होता म्हणून आज कोणी आम्हांस 'नाइस' म्हटले तर आम्ही रागावणार नाही. स्मृतिग्रंथांत 'साहस' हा दंडनीय अपराध आहे. म्हणून साहसी मुलाचे कौतुक करणे आम्ही थांबविणार नाही. जुना अर्थ हाच शुद्ध आणि नवा भ्रष्ट, असे मानणारे शुद्धिवादी आम्ही नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की, बोलण्याला आजचा अर्थ पुरतो, वाचण्याला पुरत नाही. आणि ज्याला कायदा, इतिहास आणि दस्तऐवज वाचता येत नाहीत त्याला कारकुनी मिळेल, मत मिळणार नाही. दुसरे असे की, जुना अर्थ मेला आहे असे ठरविण्याचा अधिकार आम्हां मास्तरांना कोणी दिला? तो बाजारात रोज पाठीवर पोती घेऊन चाललेला असतो.

'पाठीवर' म्हटले, परंतु येथे शब्द डोक्याचा आहे. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांना संघटित केले, आणि १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्या कायद्याच्या इंग्रजी नावातही 'माथाडी' आणि 'हमाल' हेच शब्द आहेत. त्यांच्या जागी इंग्रजी प्रतिशब्द बसविण्याची गरज कायदा करणाऱ्यांना वाटली नाही. म्हणजे त्या मुलाच्या वडिलांच्या धंद्याचे नाव आज कायद्याच्या इंग्रजीत मानाने बसले आहे. आम्ही मात्र त्यांच्या गोडाऊनला इंग्रजीच्या दारात अडविले.

इंग्रजांनी आपल्या शब्दांची ही वंशावळ जपण्यासाठी १८८४ पासून १९२८ पर्यंत खपून ऐतिहासिक तत्त्वावरचा महाकोश छापून पुरा केला. प्रत्येक अर्थ प्रथम केव्हा आणि कोठे लिहिला गेला याचा पुरावा त्यात सालवार दिलेला आहे. संस्कृतसाठी असेच काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चालू आहे. मराठीत दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात निघाला, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये आला, आणि या दोन्हींचे ऋण मोठे आहे. परंतु अडत, तोलाई, वाराई, पट्टी, गाळा या शब्दांचा सालवार इतिहास देणारा कोश आम्हांस लाभलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा सर्वत्र पेढे वाटले गेले, आम्हीही खाल्ले. त्या आनंदाची परतफेड करावयाची तर जुन्या पावत्या, चोपड्या आणि पट्ट्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांतील शब्द टिपून घेण्याचे काम कोणी तरी अंगावर घेतले पाहिजे. आमच्या महाविद्यालयातील मुलांकडून आम्ही ते यंदापासून करवून घेणार आहोत.

राहता राहिला तो विद्यार्थी. त्याचे दोन गुण आम्ही दुसऱ्या दिवशी वाढवून दिले आणि वर्गापुढे आमची चूक सांगितली. वर्ग शांतपणे ऐकत होता. परंतु आदल्या दिवशीचे हसू काही परत घेता आले नाही. पुढच्या निबंधात त्याने गोडाऊनच्या जागी 'वेअरहाउस' लिहिले, आणि आजोबांच्या भाताचा उल्लेखच केला नाही. आमच्या शिक्षकबंधूंना आणि पालकांना आमची विनंती आहे की, मुलाच्या वहीत अनोळखी शब्द दिसला तर तांबडी शाई हाती घेण्यापूर्वी एकदा कोश उघडावा, आणि कोशात न सापडल्यास मुलालाच विचारावे की, बाळ, हा शब्द तू कोठे ऐकलास?